ठोका सुधारला, रोगी दगावला

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या माणसाच्या हृदयावर वण राहतो. रक्त न मिळाल्याने स्नायूचा जो भाग मेला, तिथे तंतूंची जाळी भरते. ही जाळी आकुंचन पावत नाही आणि विजेची लहरही पुढे नेत नाही. वणाच्या कडेला मात्र अर्धमेल्या पेशींचे पट्टे उरलेले असतात. त्यांतून लहर रेंगाळत, वळसे घेत जाते. वळसा घालून ती निघाल्या जागी परत आली आणि तोवर तिथला स्नायू सावरलेला असला, की तीच लहर गोल फिरू लागते. कधी त्यातून एखादा जादा ठोका निघतो आणि रोग्याला छातीत ‘धस्स’ होते. कधी हृदयाचे खालचे कप्पे मिनिटाला दोनशेच्या गतीने धावू लागतात, मग नुसते थरथरतात, आणि काही मिनिटांत सगळे संपते.

या अवस्थेवर मराठवाड्यात, औंढ्यापासून सेनगावापर्यंत कुठेही, एक सल्ला फुकट आणि तयार मिळतो: अर्जुनसादड्याच्या सालीचा काढा. सल्ल्यामागचे मत असे. औषध झाडाचे आहे, म्हणून निर्धोक आहे. हजारो वर्षे वापरात आहे, म्हणून सिद्ध आहे. घेणाऱ्याला बरे वाटते, म्हणून गुणकारी आहे. आयुर्वेद माणसाची प्रकृती पाहून औषध देतो, म्हणून त्याला चाचणीची परकी फूटपट्टी लावू नये. शिवाय चाचण्या हा औषध कंपन्यांचा डाव. एवढे एका दमात सांगून झाले, की शेवटी उदारपणे पुस्ती जोडली जाते: घेऊन बघायला काय जाते?

काय जाते, याचा हिशेब एकदा चोख मांडला गेलेला आहे.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांचा तर्क बिनतोड वाटत होता. झटक्यानंतर ज्यांना जादा ठोके फार पडतात, ते लवकर मरतात. तेव्हा जादा ठोके दाबले की मरण टळेल. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही दोन औषधे ठोके दाबण्यात पटाईत होती. चोवीस तासांच्या आलेखावर हजारो जादा ठोके दिसणारा रोगी गोळ्या सुरू होताच स्वच्छ आलेख घेऊन परत येई. डॉक्टर खूश, रोगी खूश. १९८७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने या तर्काची परीक्षा घ्यायचे ठरवले. आधी प्रत्येक रोग्याला औषध देऊन पाहिले आणि ज्यांचे ठोके दबले, तेवढेच पुढे घेतले. म्हणजे औषध ज्यांना ‘लागू पडले’ तेच. त्यांतल्या ७५५ जणांना औषध चालू ठेवले, ७४३ जणांना हुबेहूब तशीच दिसणारी निरौषध गोळी दिली. कोणाला काय मिळाले हे चिठ्ठीने ठरले. रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ६३ जण मेले, निरौषध गोळी घेणाऱ्यांपैकी २६. निव्वळ ठोका बिघडून झालेले मृत्यू ४३ विरुद्ध १६. एप्रिल १९८९ मध्ये ही दोन्ही औषधे देणे थांबवावे लागले.

ठोका दाबणारे औषधच ठोका बिघडवून माणसे मारत होते. जे औषध जादा ठोके दाबते, तेच वणाच्या कडेची लहर आणखी मंद करते, आणि मंद लहरीला गोल फिरायला आयती सवड मिळते. रोज छातीत होणारे ‘धस्स’ थांबते आणि एका रात्री हृदय थरथरून बंद पडते. हे कोणा एका डॉक्टरला आपल्या दवाखान्यात बसून कळले असते काय? त्याच्यापुढे आलेख सुधारलेले होते. एखादा रोगी गेलाच, तर हृदय आधीच खराब होते हे उत्तर तयार होते. अनुभवी, प्रामाणिक, शिकलेली माणसे कित्येक वर्षे शपथेवर सांगत राहिली, की औषध काम करते. म्हणजे अनुभवाला इथे साक्षीदार म्हणून बोलावण्यात अर्थ नाही. तो या खटल्यात एकदा खोटा ठरलेला आहे.

यावर उत्तर येते, की ती रसायनशाळेतली औषधे होती, झाडपाल्याची नव्हेत. मग झाडाचेच उदाहरण घ्यावे. क्विनिडिन सिंकोनाच्या सालीतून निघते. हिवतापावरच्या क्विनीनचे ते सख्खे भावंड. १९१४ मध्ये वेन्केबाख या डॉक्टरने लिहून ठेवले, की त्याच्या एका रोग्याने क्विनीन घेऊन आपली धडधड स्वतःच थांबवून दाखवली होती. १९१८ मध्ये बर्लिनच्या वॉल्टर फ्रायने क्विनिडिन पुढे आणले आणि पुढची सत्तर वर्षे ते जगभर दिले गेले. १९९० मध्ये सहा चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. ते झटक्यानंतरच्या रोग्यांचे नव्हते, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडलेल्यांचे होते. वर्षअखेर लय टिकून राहिलेले रोगी क्विनिडिन घेणाऱ्यांत निम्मे, न घेणाऱ्यांत पाव. काय यश! मृत्यू मात्र २.९ टक्के विरुद्ध ०.८ टक्के. साल झाडाची होती, सत्तर वर्षांचा अनुभव होता, आलेखही सुधारत होता. उरले काय? मेलेल्यांची मोजदाद तेवढी कोणी केलेली नव्हती.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ या समजुतीला तर हिंगोली जिल्ह्यातल्या कुंपणावरचे झाडच उत्तर देते. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तिच्या बियांतले द्रव्य हृदयाची विद्युतवाहिनी तोडते. नाडी तीस-चाळीसवर येते आणि माणूस जातो. श्रीलंकेत या विषबाधेचे रोगी इतके, की तिथे प्रतिविषाचीही चिठ्ठी टाकून चाचणी घेतली गेली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६६ रोगी होते आणि प्रतिविषाने बिघडलेली लय सावरते हे त्यात दिसले. बचनागाची गोष्ट आणखी बोलकी आहे. प्रयोगशाळेत ठोक्यावरचे नवे औषध तपासायचे, तर आधी उंदराचा ठोका बिघडवावा लागतो, आणि त्यासाठी जी द्रव्ये वापरतात त्यांत बचनागातले अॅकोनिटीन ठरलेले असते. रोज सकाळी चघळले जाणारे ज्येष्ठमध जास्त झाले, तर रक्तातले पोटॅशियम उतरते, आणि पोटॅशियम उतरले की वण असलेले हृदय भडकायला निमित्तच शोधत असते. आयुर्वेदाला स्वतःला हे ठाऊक होते. म्हणून तर बचनाग शोधन केल्याशिवाय वापरू नये असा दंडक घातला गेला. झाडपाला निरुपद्रवी असतो हे मत ना वैद्यांचे, ना डॉक्टरांचे. ते आले कुठून, तर औषधाच्या बाटलीवरच्या हिरव्या पानाच्या चित्रातून.

हजारो वर्षांचे काय? अर्जुनाची साल हृदयासाठी द्यावी असे जुने ग्रंथ सांगतात, यात वाद नाही. अकराव्या शतकातल्या चक्रदत्तात तो योग आहे. पण ‘हृद्रोग’ म्हणजे काय? रक्तवाहिनी तुंबून येणाऱ्या झटक्यातून माणूस वाचू शकतो, हे जेम्स हेरिकने १९१२ मध्ये लिहिले तेव्हा ते नवल वाटले. हृदयाचा विद्युत आलेख आइन्थोव्हेनने विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत काढून दाखवला. वणाभोवती फिरणारी लहर त्याआधी कोणीही पाहिलेली नव्हती; चक्रदत्तानेही नाही, युरोपातल्या कोणत्या वैद्यानेही नाही. जो रोग वेगळा ओळखताच येत नव्हता, त्यावर एखादे औषध हजार वर्षे तपासले गेले, हे कसे? छाती भरून येणे, दम लागणे, धडधडणे यांवर साल दिली गेली आणि काहींना आराम पडला, एवढेच म्हणता येते. शिवाय ज्यांना आराम पडला नाही, ते पोथी लिहायला किंवा सल्ला द्यायला मागे उरले नाहीत. परंपरेच्या दरबारात साक्ष फक्त वाचलेल्यांची होते.

आता ‘बरे वाटते’ या पुराव्याकडे वळावे. झटक्यानंतर पडणारे जादा ठोके रोज सारखे नसतात. आज पाचशे, परवा पन्नास, काहीही न घेता. माणूस काढा सुरू करतो तो धडधड सर्वांत वाढलेल्या दिवशी, आणि त्यानंतर ती उतरतेच. श्रेय काढ्याला. उलट मृत्यू टळला की नाही, हे एकट्यादुकट्या रोग्यात दिसूच शकत नाही. समजा वर्षाला शंभरातले दहा रोगी दगावतात आणि एखादे औषध ते आठवर आणते. हा फायदा मोठा आहे. देशभर धरला तर हजारो जीव. पण एका वैद्याकडे असे पन्नास रोगी असतील, तर त्याला पाचाऐवजी चार मृत्यू दिसतील. पाच आणि चार यांतला फरक औषधाचा की नशिबाचा, हे कोणाचा डोळा सांगणार? हा फरक भरवशाने पकडायला साडेसहा हजारांच्या आसपास रोगी लागतात, निम्मे एकीकडे, निम्मे दुसरीकडे. औषध मृत्यू दहावरून बारावर नेत असेल, तर तेही तितक्याच निमूटपणे लपून राहते.

औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. तिथल्या विद्येचा पहिला नियमच असा, की एका यंत्रातला काटा हलला तर तो पुरावा मानायचा नाही. ट्रक गेला असेल, जमीन हलली असेल. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन दूरच्या यंत्रांनी एकच थरथर टिपली, तेव्हा कुठे शास्त्रज्ञांनी मान हलवली. आकाशातल्या थरथरीसाठी एवढी खबरदारी रास्त आणि छातीतल्या थरथरीसाठी शेजाऱ्याचा अनुभव पुरेसा, हा न्याय अजब आहे. शेतात तर तुलना सगळ्यांनाच कळते. नवे खत सगळ्या वावरात टाकून ‘यंदा पीक बरे आले’ म्हणणाऱ्याला वसमतचा हळदकरी लगेच विचारील, की बिगर खताचा पट्टा कुठे ठेवला होता?

हळदीचा विषय निघालाच आहे, तर तिचीही परीक्षा पाहावी. थायलंडमध्ये हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १२१ रोग्यांवर हळदीतले कुर्कुमिनॉइड तपासले गेले. निरौषध गटात रुग्णालयातच झटका येण्याचे प्रमाण ३० टक्के होते, हळदीच्या गटात १३. २०१२ मध्ये हे छापून आले. इथेच थांबले असते, तर शस्त्रक्रियेआधी हळदीच्या गोळ्या देण्याची रीत पडायला वेळ लागला नसता. पण कॅनडात महाधमनीची शस्त्रक्रिया होणाऱ्या ६०६ रोग्यांवर कुर्कुमिन तपासले गेले आणि २०१८ मध्ये निकाल आला: फायदा नाही, उलट मूत्रपिंडाला इजा १७ टक्के विरुद्ध १० टक्के. शस्त्रक्रिया वेगळी, रोगी वेगळे, हे खरे. तरी लहान चाचणीतला आनंद मोठ्या चाचणीत किती टिकतो, हे यातून दिसते. अशाने हळद बदनाम झाली काय? भाजीतली हळद भाजीतच राहिली. बदनाम झाली ती घाई.

हीच घाई कळलावीच्या बाबतीतही आवरावी लागली. कळलावी विषारी, तिच्या बियांतून कोल्चिसिन काढतात. झटक्यानंतर ते थोड्या मात्रेत द्यावे काय, यावर ४,७४५ रोग्यांची चाचणी २०१९ मध्ये आली आणि हृदयाच्या आपत्ती ७.१ वरून ५.५ टक्क्यांवर उतरल्या. २०२४ मध्ये ७,०६२ रोग्यांची चाचणी आली: ९.१ विरुद्ध ९.३ टक्के, म्हणजे फरक नाहीच. वनस्पतीतून आलेले औषध एकदा उत्तीर्ण झाले, पुढच्या इयत्तेत अडकले. परीक्षा असते ती अशी. आणि कोल्चिसिन तिला दोनदा बसले, म्हणून त्याच्याबद्दल काही बोलता तरी येते.

अर्जुनाबद्दल किती बोलता येते? १९९५ मध्ये इंदूरच्या अभ्यासात हृदय निकामी होत चाललेले १२ रोगी होते. त्यांना बरे वाटले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १०० रोग्यांवर बारा आठवडे सालीचा अर्क तपासून २०१६ मध्ये निकाल छापला गेला. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद अर्काने वाढली नाही, काही रोग्यांची चालण्याची क्षमता आणि लक्षणे तेवढी सुधारली. दोन्ही अभ्यास हृदय निकामी होण्याचे आहेत. झटक्यानंतर बिघडलेल्या ठोक्यावर, मृत्यू मोजून घेतलेली मोठी चाचणी अर्जुनावर झालेली नाही. ज्याच्या नावाने छातीठोक सल्ले दिले जातात, त्याची शिदोरी एवढीच आहे.

प्रकृतीचा मुद्दा भारदस्त वाटतो, पण तो केव्हाच निकाली निघाला. कोइमतूरच्या वैद्यांनी संधिवाताच्या ४३ रोग्यांवर शास्त्रोक्त चिकित्सा केली. प्रत्येकाची प्रकृती पाहून वेगळे औषध. तरीही कोणाला खरे आयुर्वेदिक औषध मिळते आणि कोणाला मेथोट्रेक्सेट हे आधुनिक औषध, हे झाकून ठेवता आले, आणि २०११ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पुण्यात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसिजेसने गुडघ्याच्या झिजेवर आयुर्वेदिक योगांची तुलना ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिबशी केली. ४४० रोगी, दोन्ही बाजू अनभिज्ञ. आयुर्वेदिक योग त्यांच्या बरोबरीचे ठरले. फूटपट्टी परकी होती तर निकाल बाजूने कसा लागला? आणि बाजूने लागलेला निकाल मिरवायचा, विरुद्ध लागला की फूटपट्टी परकी, हे किती दिवस चालायचे? प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती यांना आप्तवचनाच्या बरोबरीने परीक्षेचे स्थान देणारा चरक या भूमिकेच्या पाठीशी उभा राहिला नसता.

साल एका झाडाची दुसऱ्यासारखी नसते, ऋतूप्रमाणे तिचे गुण बदलतात, म्हणून चाचणी अवघड, एवढे मान्य करावे लागेल. पण जे औषध दर पुडीला बदलते ते न तपासता द्यावे, हा निष्कर्ष त्यातून कसा निघतो?

कंपन्यांचा डाव म्हणावे, तर एनकेनाइडचे काय झाले ते पाहावे. चाचणी सरकारी पैशाची होती आणि तिने कंपनीचे खपणारे औषध १९९१ मध्ये बाजारातून घालवले. परीक्षा नसती तर कंपनीचे भले झाले असते. आज काढ्यांना, चूर्णांना, गोळ्यांना परीक्षा नको म्हणणाऱ्यांच्या मागे कोणाचे भले उभे आहे? आयुर्वेदिक औषधांचा व्यवसायही व्यवसायच आहे. कायदा त्याच्याशी सौम्यपणे वागतो: ग्रंथात सांगितलेला योग ग्रंथातल्याच उपयोगासाठी विकायचा असेल, तर परवान्याला नवी चाचणी लागत नाही. औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४च्या कायद्याने हृदयरोग बरा करण्याची जाहिरात मात्र बंद केली आहे. म्हणजे औषध विकता येते, पण ते काय करते हे सांगता येत नाही. मग सांगायचे काम शेजारी, पाहुणे आणि मोबाइलवरचे निरोप करतात.

ज्यांना चाचणीत परंपरेचा अपमान दिसतो, त्यांनी मुंबईची गोष्ट विसरू नये. सर्पगंधा भारतात शतकानुशतके होती आणि जगाला तिचे सोयरसुतक नव्हते. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर ती वापरून रक्तदाबाचे आकडे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले आणि काही वर्षांत सर्पगंधा जगभर पोहोचली. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्या अभ्यासात निरौषध गट नव्हता. आजच्या कसाने तो तोकडाच. पण त्यांनी मोजले. याच मुळीतून सलीमुज्जमाँ सिद्दिकींनी १९३१ मध्ये काढलेले अजमलीन, ज्याला हकीम अजमल खानांचे नाव आहे, आज ठोक्याचा एक आनुवंशिक दोष उघड करण्यासाठी डॉक्टर शिरेतून टोचतात. झाडपाल्यावर नाक मुरडणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांनाही हे सांगायला हवे. त्यांच्या पेटीतले डिगॉक्सिन एका रानफुलाचे, अॅट्रोपिन धोत्र्याच्या कुळातले, आणि अमिओडॅरोनचा वंश इजिप्तच्या खेल्ला या वनस्पतीपर्यंत जातो. १९९७ मध्ये झटक्यानंतरच्या रोग्यांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत अमिओडॅरोनने ठोका बिघडून होणारे मृत्यू घटवले, एकूण मृत्यू मात्र घटवले नाहीत. ती पेटी विश्वासार्ह आहे, कारण तिच्यातल्या प्रत्येक बाटलीची मर्यादा कोणीतरी मोजून लिहून ठेवली आहे.

चीनने हेच जास्त मनावर घेतले. तोंगशिन्लुओ या पारंपरिक योगात वनस्पतींबरोबर विंचू आणि जळवाही आहेत. ऐकूनच हसू यावे. तो तीव्र झटक्याच्या ३,७७७ रोग्यांवर १२४ रुग्णालयांत, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, निरौषध कॅप्सूलच्या तुलनेत तपासला गेला. २०२३ मध्ये ‘जामा’त निकाल आला: तीस दिवसांतल्या आपत्ती ३.४ विरुद्ध ५.२ टक्के. वर्षअखेरच्या एकूण मृत्यूंत ठोस फरक नव्हता, आणि तेही त्याच लेखात छापले गेले.

अर्जुनाची अशी चाचणी मराठवाड्यात होऊ शकते. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरला वैद्यकीय महाविद्यालये आहेत, हिंगोलीत २०२४ मध्ये नवे सुरू झाले. रोग्याला निरौषध गोळी देऊन मरायला सोडतात, हा आक्षेप इथे लागू नाही. अॅस्पिरिन, स्टॅटिन, बीटा ब्लॉकर सगळ्यांना मिळते. चिठ्ठीने ठरते ते फक्त जोडीच्या पुडीत साल आहे की सालीसारखी तुरट, त्याच रंगाची दुसरी भुकटी. सालीचा अर्क एका मापाचा, प्रत्येक घाणा तपासलेला. नोंद आधीच भारताच्या चाचणी नोंदणीत, म्हणजे निकाल नावडता आला तरी दडपता येणार नाही. एक स्वतंत्र समिती मधूनमधून आकडे उघडून पाहील आणि एका बाजूला मृत्यू वाढताना दिसले, की त्याच दिवशी काम बंद करील. आज गावोगाव होणाऱ्या प्रयोगात ही समिती नाही, दुसरा गट नाही, आणि मोजणारेही कोणी नाही. प्रयोग मात्र चालू आहे, झटक्यातून उठलेल्या प्रत्येक माणसावर, त्याच्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यात.

या चाचणीच्या नोंदवहीत जादा ठोक्यांचा रकाना असेल, धडधडीचा असेल, ‘बरे वाटते का’ याचाही असेल. पहिला रकाना मात्र एकच विचारील: रोगी वर्षाने जिवंत होता काय?